बेटावर न उतरलेल्या बाई

"बायकोनं सासूला गुंगीचं औषध दिलं की नाही, हे शोधून मिळतं का तुमच्याकडे?" केदार उंबरकरनं विचारलं. स्वतःचाच प्रश्न त्याला ऐकवला नाही. त्यानं मान खाली घातली.

प्रियदर्शनी तायडेच्या अमरावतीतल्या एका खोलीच्या कार्यालयात लोक येत ते बहुतेक लग्नाआधी मुलाची चौकशी करायला. हे चौकशीचं काम सुरू करण्याआधी बारा वर्षं तिनं विमा कंपनीत खोटे दावे पकडले होते. खोटं बोलणारा माणूस सहसा अडखळत नाही, तो घरून पाठ करून येतो, हा तिचा तिथला अनुभव. केदार चांगलाच अडखळत होता, म्हणून तिनं वही पुढे ओढली.

"बायको तुमचीच?"

"हो. देवश्री. आणि सासू म्हणजे माझी आई."

कोपऱ्यातल्या मोतीरामभाऊंनी पेपर खाली ठेवला. एसटीत तीस वर्षं गाडी चालवून निवृत्त झालेले हे गृहस्थ आता प्रियदर्शनीची गाडी चालवत, आणि कोणी न विचारता मतही देत.

"काहून, सासू गेली का काय?"

"नाही हो! ठणठणीत आहे. फक्त झोपली होती. सोळा तास. जहाजावर."

"जहाजावर?" प्रियदर्शनीच्या भुवया वर गेल्या. चोऱ्या, पळापळी, खोट्या सह्या हे सगळं वऱ्हाडात होतं. जहाज मात्र तिच्या वहीत पहिल्यांदाच येत होतं. "सुरुवातीपासून सांगा."

केदारनं सांगितलं. त्याची आई चारुशीलाबाई. दर्यापूरच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर रंगीत खडूंनी प्रवाळ बेट काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण स्वतः समुद्र पाहिला होता तो एका लग्नाच्या निमित्तानं मुंबईच्या चौपाटीवरून, तेवढाच. म्हणून केदारनं पाच दिवसांची क्रूझ ठरवली. सोमवारी मुंबईहून निघायचं, बुधवारी लक्षद्वीप, शुक्रवारी परत. आई, बाबा, तो, देवश्री आणि बहीण माधवी.

"बातमी गावभर झाली. माजी विद्यार्थ्यांनी आईचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, हार, भाषणं. आणि परत आल्यावर शाळेत आईचं व्याख्यान, 'मी पाहिलेले प्रवाळ बेट'. येत्या रविवारीच आहे. पत्रिकासुद्धा वाटून झाल्या."

"आणि त्यांनी बेट पाहिलंच नाही."

"जहाज बेटापाशी थांबलं आणि आई उठेचना. मंगळवारी रात्री दहाला झोपली ती बुधवारी दुपारी दोनला उठली. जहाजावरचा डॉक्टर म्हणाला, बोट लागू नये म्हणून घेतात त्या गोळ्या जास्त गेल्यात, घाबरू नका, झोप झाली की उठतील."

"गोळ्या कोणी आणल्या होत्या?"

"देवश्रीनं. ती फार्मासिस्ट आहे, इथंच औषधाच्या दुकानात. परतीच्या वाटेवर माधवीनं तिला तोंडावर विचारलं, 'वहिनी, आईला काय दिलंस?' देवश्रीनं एक शब्द काढला नाही. घरी पोचलो आणि दुसऱ्या दिवशी ती अकोल्याला माहेरी गेली. तीन आठवडे झाले. दुकानातही रजा टाकली आहे."

"तुम्हाला काय वाटतं?"

"तिनं दिलं नाही. पण मीही तिला विचारलं होतं, 'तू नाही ना दिलंस?' विचारायला नको होतं."

"हाव, नकोच होतं," मोतीरामभाऊ म्हणाले.

"आई काय म्हणतात?"

"म्हणते, मला काही आठवत नाही."

प्रियदर्शनीनं जहाजाचा जाहिरातीचा कागद मागून घेतला आणि बराच वेळ चित्रं पाहिली. पांढरं जहाज, निळं पाणी, गॅलरीत आरामखुर्चीवर हसणारं जोडपं.

"अशीच होती का खोली?"

केदारला इतक्या दुःखातही हसू आलं. "गॅलरीवाल्या खोल्या वेगळ्या. आमच्या खोल्यांना खिडकीच नव्हती. दिवा मालवला की भर दुपारी मध्यरात्र. एका खोलीत आई-बाबा, शेजारच्या खोलीत आम्ही तिघं. माधवीला छताजवळची बर्थ, रेल्वेसारखी. नवरा, बायको आणि नणंद, सांगा आता! भिंती इतक्या पातळ की आईचं गजराचं घड्याळ आमच्या उशाशी वाजल्यासारखं वाजायचं. पहाटे पाचला. देवश्री वैतागून म्हणाली, 'आईंनाही जरा झोपू द्या आणि मलाही.' तेच वाक्य माधवीनं आता धरून ठेवलंय. एका बुधवारी तेवढी आम्हाला सातपर्यंत झोप मिळाली, त्याचीही आता लाज वाटते."

"आणि हे?" तिनं दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. जहाज बेटाला लागलेलं होतं आणि माणसं रुंद शिडीवरून डौलात वाळूत उतरत होती.

"तसं काही नसतं. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा असतो, जहाज त्याच्या बाहेर, भर समुद्रात उभं राहतं. जहाजाच्या पोटाशी एक दार उघडतात. खाली लहानशी होडी वर-खाली हलत असते. दोन खलाशी दंडाला धरतात आणि ते 'आता' म्हणाले की पाय टाकायचा. आदल्या संध्याकाळी सभागृहात सगळ्यांना चित्रफीत दाखवून समजावलं होतं."

"मले तर पाच लाख दिले तरी मी पाय नाई टाकत," मोतीरामभाऊ म्हणाले. "बरं, बाकी चार दिवस जहाजावर करता काय लोक?"

"रांगेत उभे राहतात," केदार म्हणाला. "जेवणाला रांग, लिफ्टला रांग. पोहण्याचा तलाव आमच्या विहिरीपेक्षा लहान. फोनला रेंज नाही. पण काका, गच्चीवर जाऊन उभं राहिलं ना, की चहूकडे पाणी. ते मात्र चित्राहूनही मोठं होतं."

"बुधवारी सकाळी काय झालं?"

"बाबा सव्वासातला ओरडत आले. आम्ही धावलो. डॉक्टरला दाखवायला जहाजानं दिलेलं कार्ड लागतं, म्हणून बाबांनी आईच्या उशाखालून तिची पर्स ओढून काढली. देवश्रीनं ती उघडली, कार्ड शोधून दिलं. डॉक्टर पाहून गेल्यावर तिनंही पुन्हा नाडी पाहिली आणि म्हणाली, 'काही होत नाही, झोपू द्या त्यांना. चला, होडी सुटेल.' इतकी शांत! बाबा आईजवळ थांबले. आम्ही तिघं बेटावर गेलो. माधवी म्हणते, सासू बेशुद्ध पडलेली असताना सून फिरायला निघते कशी?"

केदार गेल्यावर मोतीरामभाऊंनी निकाल लावला. "सुनेनंच देल्ल्या गोळ्या. नाई तं इतकी शांत कशी राहीन?"

"तेच मलाही कळत नाहीये," प्रियदर्शनी म्हणाली. "ती शांत कशी राहिली?"

दुसऱ्या दिवशी ते दर्यापूरला पोचले तेव्हा उंबरकरांच्या घरात व्याख्यानाची तयारी चालली होती. माधवी त्यासाठीच भातकुलीहून, आपल्या सासरहून आली होती. तरतरीत, बोलघेवडी आणि अजून रागातच.

"मी काही उगीच आरोप करून नाही राहिली," ती म्हणाली. "मंगळवारी रात्रीच्या जेवणाला वहिनी आईच्या मागंच लागली होती. उद्या होडी आहे, सकाळी गोळी घ्या, आठवणीनं घ्या. सकाळी कशाला, रात्रीच चहात घालून दिली असेल. आई झोपायच्या आधी चहा घेते."

"आईंनी सोमवारी गोळी घेतली होती?"

"छे! सोमवारी रात्री समुद्र खवळला, आम्ही चौघांनी घेतल्या. मला आणि दादाला तर मंगळवारीही घ्यावी लागली. आई म्हणाली, मला कधी गाडी लागत नाही, बोट काय लागेल! आणि खरंच नाही लागली. आम्ही आडवे आणि आई गच्चीवर."

"बेट कसं होतं?"

माधवीचा चेहरा एकदम उजळला. "काय सांगू! पाणी असं की तळातली वाळू मोजून घ्या. आईसाठी जीव तुटत होता. तिची वाळू तेवढी भरून आणली." तिनं शोकेसकडे बोट दाखवलं. आत काचेच्या बुटक्या बाटलीत पांढरी वाळू होती, वर चारुशीलाबाईंच्या वळणदार अक्षरात बेटाचं नाव. "तिनं रात्रीच बाटली माझ्याकडे दिली होती, म्हणून बरं झालं. नाही तर तेवढंही मिळालं नसतं तिला."

प्रियदर्शनीनं बाटली हातात घेऊन पाहिली आणि जागेवर ठेवली.

केदारचे वडील गोपाळकृष्ण उंबरकर तालुका न्यायालयात वकिली करून थकलेले. साक्षीदाराच्या जागी बसायची सवय नसल्यानं ते अस्वस्थ होते.

"त्या रात्री काही वेगळं घडलं?"

"काही नाही. ती नेहमीसारखीच झोपली. चष्मा डबीत, दात वाटीत, वेणी घातलेली. मी मेला गाढ झोपणारा. खिडकी नाही, उजेड नाही. जाग आली तेव्हा सात वाजून गेले होते."

"त्यांचं गजराचं घड्याळ?"

"हे काय, टेबलावर. जुनं आहे, चावीचं. चावी रोज रात्री तीच देते. चाळीस वर्षांत मला हात लावू दिला नाही. म्हणते, तुम्ही जास्त पिळाल."

"तुमच्या वाट्याच्या गोळ्या उरल्या आहेत का?"

त्यांनी कपाटातून पुडी आणली. वर देवश्रीच्या बारीक अक्षरात 'बाबा' असं लिहिलेलं. चारपैकी एक घेतली होती, तीन शिल्लक होत्या. माधवीनंही आपली पुडी दाखवली. तिच्यात दोन होत्या. प्रियदर्शनीनं गोपाळकृष्णांकडून एक गोळी मागून घेतली.

चारुशीलाबाई आतल्या खोलीत लिहीत बसल्या होत्या. ताठ कणा, काठाची सुती साडी, डोळ्यांवर जाड चष्मा. गुडघा दुखत असावा, कारण उठून उभं राहताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला. समोर व्याख्यानाचे कागद होते, आणि पहिल्या पानावर एकच ओळ.

"तुम्ही बेटाविषयी बोलणार?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"पुस्तकात जे आहे ते बोलेन. ते मला पाठ आहे."

टेबलावर जाड फाइल होती. प्रवासातलं सगळं त्यांनी तारीखवार लावलं होतं. बॅगेला बांधलेली नावाची पट्टी, रोज दारातून आत सरकवलेले कार्यक्रमाचे कागद, जेवणाची यादी, चहाच्या साखरेची रिकामी पुडीसुद्धा.

"तुमच्या गोळ्यांची पुडी नाही दिसत यात."

"ती? ती जहाजावरच टाकली. मला बोट लागत नाही."

"त्या रात्रीचा चहा कडू लागला होता?"

"नाही." मग थोडं थांबून, "मला काही आठवत नाही."

"देवश्रीनं तुम्हाला औषध दिलं असं तुम्हाला वाटतं?"

चारुशीलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ती चांगली मुलगी आहे," त्या म्हणाल्या आणि कागदांकडे वळल्या.

बस स्थानकासमोरच्या टपरीवर प्रियदर्शनीनं दोन चहा सांगितले. एकात चार चमचे साखर घातली, गोपाळकृष्णांची गोळी चुरडून टाकली, ढवळलं आणि तो कप मोतीरामभाऊंपुढे सरकवला.

"हे काय करून राहिल्या ताई?"

"एकच घोट. चव सांगा."

त्यांनी घोट घेतला आणि तो तसाच रस्त्यावर थुंकला. "बाप्पा! कडू जहर आहे हे! चहात कोणी घातली तं मेलेला माणूस उठून बसीन."

"आणि ही एकच गोळी होती. चार चमचे साखर घालूनसुद्धा." प्रियदर्शनीनं गाडीची किल्ली त्यांच्या हातातून काढून घेतली. "थुंकलात तरी आता गाडी मी चालवते."

अकोल्याच्या वाटेवर काळ्या शेतांतून कपाशी पांढरी झाली होती. मोतीरामभाऊंचं डोकं चालू होतं. "मंग तं तो म्हातारा! वकील हाय. घड्याळ बंद करून त्यानंच बायकोले झोपवली. त्याले होडीत नसंन उतरायचं."

"अर्धं बरोबर आहे," ती म्हणाली. कोणतं अर्धं, ते तिनं सांगितलं नाही.

मोर्णा नदी ओलांडली की जुन्या शहराचे बोळ सुरू होतात. गाडी अलीकडेच लावून दोघं पायी गेले. देवश्रीनं दार उघडलं. डोळ्यांखाली काळं झालेलं, पण आवाज स्थिर.

"गोळ्यांचा हिशेब सांगते," ती विचारण्याआधीच म्हणाली. "दहा-दहाचे दोन पत्ते घेतले. माणसं पाच. कात्रीनं कापून प्रत्येकाच्या चार केल्या, पुडीवर नाव घातलं. जास्तीची एकही नव्हती. केदारच्या दोन उरल्या, माझ्या तीन. ह्या बघा, दोन्ही पुड्या माझ्याचकडे राहिल्या."

"बाबांच्या तीन आणि माधवीच्या दोन मी पाहून आले. आणि आईंच्या?"

देवश्रीनं दोन्ही पुड्या उचलून आत ठेवल्या.

"तुम्ही दिल्या?"

"नाही."

"मग कोणी दिल्या?"

"ते मला विचारू नका."

"बेटावर जाताना तुम्हाला त्यांची काळजी वाटली नाही?"

"किती गोळ्यांनी माणसाला काय होतं ते मला माहीत आहे. काळजीसारखं असतं तर पाय हलला नसता माझा तिथून." मग तिला वाटलं असावं की आपण जास्तच बोललो. ती चहा टाकायला उठली.

"सासूबाईंचा फोन येतो?"

"रोज दुपारी तीनला. जेवलीस का, विचारतात. मी हो म्हणते. मग आम्ही दोघी जरा वेळ नुसत्याच फोन धरून बसतो. मग त्या ठेवतात."

"तीन आठवडे?"

"एकही दिवस चुकला नाही."

जिना उतरताना मोतीरामभाऊ हळूच म्हणाले, "पोरगी कोणाले तरी वाचवून राहिली. नवऱ्याले. लिहून घ्या."

"वाचवतेय हे खरं," प्रियदर्शनी म्हणाली. "रविवारी तिला दर्यापूरला घेऊन या. येणार नाही म्हणेल. सांगा, की तुम्ही आला नाहीत तर मला एकटीला बोलावं लागेल, आणि मी तुमच्याइतक्या मायेनं बोलणार नाही."

रविवारी अकरा वाजता उंबरकरांच्या बैठकीत सगळे जमले. व्याख्यान चारला होतं. देवश्री दारालगतच्या खुर्चीवर बसली, केदार तिच्या शेजारी जाऊ की नको अशा विचारात उभाच राहिला. माधवीनं तोंड फिरवलं. चारुशीलाबाई समोर ताठ बसल्या होत्या.

"मी लांबवत नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "आधी गोळ्या. वीस आणल्या, पाच जणांत वाटल्या. चौघांच्या मी मोजल्या. घेतलेल्या आणि उरलेल्या, हिशेब जुळतो. म्हणजे जास्तीच्या गोळ्या पाचव्या पुडीतूनच गेल्या. ती पुडी चारुशीलाबाईंच्या पर्समध्ये होती आणि पर्स त्यांच्या डोक्याखाली."

"वहिनी काढू शकत होती," माधवी म्हणाली.

"काढली, तर द्यायची कशी? चहात? मोतीरामभाऊंना विचारा."

"जहर," मोतीरामभाऊंनी साक्ष दिली.

"एका गोळीचा घोट यांना गिळवला नाही. चारुशीलाबाई म्हणतात, चहा कडू नव्हता. म्हणजे गोळ्या चहातून गेल्या नाहीत. पाण्याबरोबर, जाणून गिळल्या गेल्या. आणि ज्या बाईंना बोट लागत नाही, खवळलेल्या समुद्रातही ज्यांनी गोळी घेतली नाही, त्यांना तीन-चार गोळ्या कोणी समजावून देईल, हे मला पटत नाही."

माधवीनं हळूच देवश्रीकडे पाहिलं.

"आता घड्याळ. चाळीस वर्षं रोज रात्री चावी दिलेलं. बुधवारी तेवढं वाजलं नाही. केदारना सातपर्यंत झोप लागली, वकीलसाहेबांनाही. झोप अनावर होऊन चावी द्यायची राहिली म्हणावं, तर चष्मा डबीत, दात वाटीत, वेणी घातलेली. सगळं शांतपणे आवरलेलं. फक्त चावी दिली नव्हती. ज्या दिवसाची आयुष्यभर वाट पाहिली, त्या दिवशीचा गजर."

गोपाळकृष्णांनी बायकोकडे पाहिलं. चारुशीलाबाई जमिनीकडे बघत होत्या.

"आणि शेवटी वाळू. माधवीताई, बाटली तुम्हाला कधी दिली?"

"मंगळवारी रात्री. सांगितलं की मी..." माधवी मधेच थांबली. तिचा हात तोंडाकडे गेला.

"जी बाई उद्या स्वतः बेटावर पाय ठेवणार आहे, ती आदल्या रात्री दुसऱ्याला वाळू आणायला सांगत नाही. साखरेची पुडीसुद्धा जपून ठेवणाऱ्या बाई एकच पुडी फेकून देतात. आणि औषध पाजणाऱ्या सुनेला कोणी रोज तीनला फोन करून जेवलीस का विचारत नाही." प्रियदर्शनीचा आवाज खाली आला. "मंगळवारी संध्याकाळी सभागृहात तुम्ही ती होडीची चित्रफीत पाहिली, बाई. तोपर्यंत तुमच्या मनात हे चित्र होतं." तिनं जाहिरातीचा कागद टेबलावर ठेवला, रुंद शिडीचा.

चारुशीलाबाईंनी तो कागद जवळ ओढला. मग त्या बोलल्या, आणि शिकवताना बोलत तशाच स्पष्ट.

"प्रवाळाचा कठडा संपला की समुद्राचा तळ भिंतीसारखा सरळ खाली जातो. चौतीस वर्षं मी त्याची आकृती काढली. त्या फितीत एक बाई हसत हसत होडीत पाय टाकत होती आणि मला तिच्या पायाखाली माझीच आकृती दिसत होती. माझा हा गुडघा, ती हलती होडी. मला भीती वाटली. इतकी कधीच वाटली नव्हती."

"मग नाही येत म्हणायचं!" गोपाळकृष्ण कळवळून म्हणाले. "मी बसलो असतो तुझ्यासोबत."

"गावभर सत्कार घेऊन? मला वाटलं, झोप लागली म्हणून राहिलं, असं होईल. कोणाचा दोष नाही, माझाही नाही. डॉक्टर ओळखेल, हे डोक्यातच आलं नाही. मग माधवी बोलली. त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ते अवघड झालं, तिसऱ्या दिवशी आणखी." त्या देवश्रीकडे वळल्या. "तू पर्स उघडली होतीस. मोजल्या होत्यास ना?"

"हो," देवश्री म्हणाली. "पुडीत एक उरली होती. तीन घेतल्या होत्या तुम्ही. तीन गोळ्यांनी धोका नव्हता, नुसती झोप. म्हणून तर निघाले मी."

"पहिल्याच दिवसापासून तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल, असं वाटलं होतं." आता पहिल्यांदा तिचा आवाज हलला. "माधवी बोलली त्याचं मला एवढं लागलं नाही. तुम्ही समोर बसल्या होतात आणि गप्प राहिलात, त्याचं लागलं. रोज तीनला मला वाटायचं, आज बोलतील."

माधवी उठून तिच्यापाशी गेली, "वहिनी," म्हणाली, आणि तिच्या खुर्चीजवळ खालीच बसली. केदार रडत होता आणि ते लपवतही नव्हता.

"घरी येशील?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"आत्ता नाही सांगत, आई. व्याख्यानाला येते. मग बघू."

चार वाजता शाळेचं सभागृह भरलं होतं. माजी विद्यार्थी, त्यांची मुलं, गावातली प्रतिष्ठित मंडळी. देवश्री शेवटच्या बाकावर, तिच्या पलीकडे प्रियदर्शनी आणि मोतीरामभाऊ. चारुशीलाबाईंनी हातातले कागद टेबलावर पालथे घातले.

"पत्रिकेवरचा विषय चुकीचा आहे," त्या म्हणाल्या. "मी प्रवाळ बेट पाहिलेलं नाही. मी त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर गेले आणि घाबरले, म्हणून झोपेच्या गोळ्यांसारख्या गोळ्या खाऊन खोलीत झोपून राहिले. आणि त्याचा आळ तीन आठवडे माझ्या सुनेवर येऊ दिला. हे आधी सांगते, मग बाकीचं."

त्यांनी जहाजाबद्दल सगळं सांगितलं. खिडकी नसलेली खोली, जेवणाच्या रांगा, चित्रातली शिडी आणि खरी होडी. कोणाला जायचं असेल तर जरूर जा, म्हणाल्या, पण आधी विचारून घ्या की उतरायचं कसं, आणि भीती वाटली तर तसं सांगा.

शेवटी पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "पण बाई, मग ते बेट असतं कसं?"

"मला माहीत नाही," चारुशीलाबाई म्हणाल्या. त्यांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. "माझी सून उतरली होती. तिची इच्छा असेल तर ती सांगेल."

सगळ्या माना मागे वळल्या. देवश्री क्षणभर तशीच बसून राहिली. मग उठली आणि बाकांमधून चालत पुढे आली. चारुशीलाबाईंनी खडू तिच्या हातात दिला, मंचावरून हळूहळू खाली उतरल्या, आणि पहिल्या बाकावरच्या पोरींना जरा सरकायला सांगून त्यांच्यात बसल्या.